गोळ्याची जागा

ऐक ना, तू आधी नुसतं ऐक. मधे मधे 'मग? मग?' करू नकोस, माझा धागा सुटतो. तर आपली आभा, फोटोवाली, काल सकाळी इंदिरानगरच्या बोगद्यात अडकली होती. पुढे स्कूलबस, मागे हॉर्नवर झोपलेला टेम्पोवाला आणि मधोमध हिची स्कूटी. आता तिथे करणार काय, म्हणून तिनं मोबाइल काढला, तर सृष्टीचा व्हॉइस मेसेज. सृष्टी म्हणजे ती नांदगावकडची गोळाफेकवाली पोरगी. तिचा फोटो आभानं काढलाय, एका क्रीडा मासिकाच्या कव्हरसाठी. आणि हे आभाचं आयुष्यातलं पहिलं कव्हर, बरं का. आदल्या संध्याकाळी कव्हर जुळून आल्या आल्या हिनं ते सृष्टीला पाठवलं होतं, राहवलंच नाही तिला. तर हिनं हेल्मेटच्या आतून मोबाइल कानाला कोंबला आणि ऐकलं. "ताई, लय भारी झालाय फोटो. आई तर नाचायचीच बाकी राहिली. पण ताई, माझी गोळ्याची जागा कुठं गेली?" आणि सृष्टी हसली. म्हणजे हसली असं आपण म्हणायचं. नाकातून थोडी हवा सोडली आणि मेसेज संपला.

आता गोळ्याची जागा म्हणजे काय ते तुला माहीत नसणार, मलाही नव्हतं. गोळा फेकणारे लोक फेकायच्या आधी तो लोखंडी गोळा जबड्याच्या खाली, मानेच्या खोबणीत दाबून धरतात. रोज. वर्षानुवर्षं त्याच एका जागी. घामानं निसटू नये म्हणून पांढरी पावडर लावतात. मग तिथली कातडी काय गुलाबासारखी राहणारे का? जाड होते, काळपट होते, कोपरासारखी खरबरीत. सृष्टीच्या उजव्या कानाखाली रुपयापेक्षा मोठा असा एक डाग आहे, कडेला जरा फाटल्यासारखा. त्याला ती 'माझी गोळ्याची जागा' म्हणते, जसं आपण म्हणतो ना, माझी खिडकीची जागा, तसं. तर आभानं बोगद्यातल्या पिवळ्या उजेडात कव्हर उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं, आणि बघते तर मान अशी गुळगुळीत, जशी नुकतीच कुणी लिंपून ठेवलीये. डाग नाही, पावडर नाही, तिथे एक बारीक तीळ होता तोसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे आभाला हे पुसल्याचं आठवेचना. म्हणजे दुसऱ्या कुणाचा हातच लागलेला नाही त्या फोटोला, फाइल हिच्याच कॉम्प्युटरवरून गेली होती. पुसलं हिनंच. पण कधी? बस पुढे सरकली, मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ मॅडम, फोटो घरी जाऊन बघा की!" तरी हिचा पाय जमिनीवरून उचलेना. ती मला म्हणाली, आपल्याच घराचं दार उघडावं आणि आत आपणच आधीपासून बसलेलो असावं, तसं झालं मला. भीती नाही वाटली. ओशाळल्यासारखं झालं.

कारण सांगते. या फोटोसाठी आभा भांडली होती, आणि काय भांडली होती! मासिकाचा संपादक देवव्रत, गंगापूर रोडला ऑफिस आहे त्यांचं, माणूस वाईट नाही, हसतमुख, चहा पाजतो, पैसे वेळेवर देतो. पण त्याचं आधीच ठरलेलं होतं. अंकात दोन खेळाडू, एक सृष्टी आणि एक धनराज, भालाफेकवाला. धनराजबद्दल त्यानं सांगितलं होतं, "घाम पाहिजे, शिरा पाहिजेत, फेकताना ओरडतो ना तो, ते तोंड पाहिजे. पानावर एकच शब्द टाकतो, गर्जना." आणि सृष्टीबद्दल? "फेकताना नको गं. गोळाफेकीत तोंड फार वाकडं होतं, पोरीला स्वतःलाच आवडायचं नाही. केस मोकळे, गोळा हातात असा लाडूसारखा, आणि गोड हसू." वर मथळा तयार, 'मैदानात वाघीण, घरात लाडकी'. मुलाखतीतही धनराजला विचारलं, आशियाई स्पर्धेचं काय? आणि सृष्टीला विचारलं, पुरणपोळी येते का? सृष्टीनं म्हणे उत्तर दिलं, "येते ना, सहा खाता येतात." ते छापलं नाही त्यांनी. तर आभा अडून बसली. केस बांधलेलेच राहणार. लाडू नाही, गोळा मानेला टेकायच्या जरा आधी धरलेलाच राहणार. हसू नको, फेकायच्या आधीची ती थांबलेली नजर पाहिजे. देवव्रत म्हणाला, "अगं, कव्हर विकायचंय मला." ही म्हणाली, "मग धनराजलाही सांग ना केस मोकळे सोडायला." शेवटी तो हसला आणि म्हणाला, "बरं बाई, तुझंच खरं." त्या दिवशी आभा आपल्याकडे आली होती, आठवतंय? मिसळ खाता खाता टेबलावर हात आपटून म्हणाली होती, मी त्या पोरीला बाहुली होऊ दिली नाही. आपण टाळ्या पण वाजवल्या होत्या गं.

आणि आता ही बोगद्याच्या बाहेर स्कूटी कडेला लावून उभी. जायचं होतं दुसरीकडे, गेली घरी. कॉम्प्युटर लावला. खोलीत कपडे वाळत घातलेले, पंख्याच्या वाऱ्यानं एक ओढणी सारखी स्क्रीनवर येत होती, ती बाजूला करत करत तिनं मूळ फाइल उघडली, वरचा थर बंद केला, आणि गोळ्याची जागा परत आली. एका टिचकीत. पावडरीचे कण, त्याच्याखाली तो काळपट गोल, कडेचा तीळ. वरचा थर सुरू केला, गेली. बंद केला, आली. असं ती कितीतरी वेळ करत बसली. आणि मग हळूहळू तिला आठवायला लागलं. म्हणजे डोक्याला नाही आठवलं, हाताला आठवलं. दुपार होती. शेजारी वरणभाताचं ताट होतं, डाव्या हातात चमचा आणि उजव्या हातात माउस. कानात आईचा फोन, आई सांगत होती की मावशीकडच्या बारशाला जायचंय. आणि आभा हो, हो म्हणत होती, आणि हात आपला चालला होता. लग्नसराईत ही चार महिने नवऱ्या मुलींचे फोटो करते ना, पोट त्याच्यावरच चालतं. हजारो माना, हजारो हनुवट्या. पुरळ दिसला की पूस, डोळ्याखाली काळं दिसलं की उजळ, दंडावर देवीची खूण दिसली की पूस. कुणी सांगायला लागत नाही. मुलगी दिसली की हात जातोच, जसा भाकरी करणाऱ्या बाईचा हात न बघता पिठात जातो. तसा तो सृष्टीच्या मानेवर गेला, आणि मान साफ झाली, आणि वरणभात संपला. बस. एवढंच घडलं होतं.

मग तिनं धनराजची फाइल उघडली. उघडू नये असं वाटत होतं तरी उघडली. धनराजच्या हनुवटीला टाके पडल्याची जुनी खूण आहे, गालावर पुटकुळ्या आहेत, ओठ फुटलेला आहे. सगळं जागच्या जागी. नुसतं जागच्या जागी नाही गं, हिनं ती खूण आणखी गडद केली होती! जरा सावली वाढवली होती तिथे, म्हणजे चेहऱ्याला कसं वजन येतं. ते मात्र तिला स्पष्ट आठवत होतं, कारण ते तिनं विचार करून केलं होतं. आणि मानेवरचं विचार न करता. हे दोन फोटो तिनं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले आणि खुर्ची मागे सरकवली. देवव्रत कुठे होता यात? कुठेच नव्हता. तिला वाटत होतं आपण दारात उभं राहून चोराला अडवलं, आणि इकडे घरातलीच मांजर दूध पिऊन गेली.

आता बाबांचं सांगितल्याशिवाय तुला कळणार नाही. तिचे बाबा, गोविंदकाका, रविवार कारंजाजवळ त्यांचा स्टुडिओ होता, जिन्याखालचा, एवढासा. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. आभा शाळेतून सुटली की तिथेच असायची. काका जुन्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करायचे, काचेवर ठेवून, खालून उजेड, टोक असं केसासारखं बारीक. नंतर कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी तेच काम माउसनं सुरू केलं आणि आभाला मांडीवर घेऊन शिकवलं. हे बघ बेटा, ही चांगली कातडी, इथून उचलायची, इथे ठेवायची. लग्नाला उभ्या असलेल्या मुली यायच्या, कुणाबरोबर आई, कुणाबरोबर आत्या, सहावारी साडी, टाचणीनं लावलेला गजरा. काका कुणाचा वांग पुसायचे, कुणाचा भाजल्याचा डाग. मुलांचे फोटो मात्र जसेच्या तसे. आभानं एकदा विचारलं होतं, बाबा, या दादाचा मस का नाही काढला? काका म्हणाले, "त्याला कोण विचारतंय? पोरींना विचारतात." आणि मग, "एका डागासाठी कुणी पोरीला नको म्हणू नये, बेटा. आपल्या हातात तेवढंच आहे." इतक्या मायेनं म्हणाले होते ते. त्यात दुष्टपणा कुठे होता? आभाला तो वास आठवला, स्टुडिओतला, ओल्या कागदाचा आणि काकांच्या तपकिरीचा, आणि आपल्या छोट्या हातावर त्यांचा मोठा हात, माउस फिरवणारा. म्हणजे तिचा हात जो सृष्टीच्या मानेवरून फिरला तो मायेनंच शिकलेला हात होता. हेच तर अवघड ना. रागवायचं कुणावर?

आणि आई. सुधाकाकूंच्या डाव्या भुवईत एक खाच आहे, तू पाहिलीयेस. त्या खो-खो खेळायच्या, जिल्ह्याच्या संघात होत्या, खांबाला वळताना आपटल्या, तिथे केस कधी उगवलेच नाहीत. पण घरातल्या एकाही फोटोत ती खाच नाही. लग्नाच्या नाही, बारशाच्या नाही, शिर्डीला गेले होते त्यात नाही. काकांनी प्रत्येक फोटोत भुवई पुरी करून दिली. आभा लहान असताना अल्बम बघत विचारायची, आई, ही कोण? आणि काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "ती? ती तुझ्या बाबांची बायको. ती कधी खांबावर आपटलीच नाही." सगळे हसायचे. काकाही हसायचे. आभाला आता स्क्रीनसमोर बसून वाटलं की आईचं ते हसणं आपण कधी नीट ऐकलं का? सृष्टीसारखंच, नाकातून थोडी हवा. तिनं व्हॉइस मेसेज परत लावला. परत लावला. त्या हवेत काय होतं? गंमत होती? की लागलं होतं पोरीला? की बरं वाटलं होतं? एवढ्याशा हवेवरून कसं ओळखायचं गं माणसानं.

म्हणून तिनं आधी देवव्रतला फोन केला, म्हटलं निदान वेळ आहे का ते तरी बघू. "अरे, कव्हरचा फोटो बदलायचाय. मान चुकली माझी."

"मान? कुठली मान? एक नंबर मान आहे."

"तिचा डाग मी पुसलाय. गोळ्याचा. तो परत आणायचाय."

तिकडे कुणाला तरी चहा दे म्हणाला तो, मग जरा हळू आवाजात बोलला. "हे बघ, छपाईच्या प्लेट्स संध्याकाळी बनतील, फाइल चारपर्यंत चालेल, त्याचं काही नाही. पण आभा, तू मुलगी आहेस, तुला मी सांगायचं का? पोरीच्या मानेवर डाग म्हटल्यावर लोक काय समजतात? पानटपरीवर अंक टांगलेला असतो. गोळा कोण बघणारे? एक तर म्हणतील कुणीतरी मारलंय, नाहीतर म्हणतील... जाऊ दे. धनराजच्या मानेवर असता तर मीच म्हटलं असतं ठेव." आणि मग अगदी खरं बोलल्यासारखं, "मी वाईट अर्थानं नाही म्हणत. त्या पोरीलाच त्रास होईल. तिला विचार. ती म्हणत असेल तर दे पाठवून, मी लावतो." आणि ठेवला फोन. आता याच्यावरही रागावता येईना! कारण तो 'जाऊ दे' म्हणाला त्यातलं पुढचं वाक्य आभाला माहीत होतं. सृष्टी हॉस्टेलवर राहते ना, तिथल्या मुली तिला पहिल्या वर्षी चिडवायच्या, काय गं, कोण भेटला होता? एसटीत एका बाईनं तिला हळूच विचारलं होतं, बाळा, घरी सगळं ठीक आहे ना? म्हणून ती सराव सोडून कुठेही जाताना ऊन असो नसो, स्कार्फ बांधते. हे सगळं तिनंच आभाला हसत हसत सांगितलं होतं. सगळंच हसत सांगते ती, त्यामुळे काही कळत नाही.

सृष्टीला फोन लावला. सृष्टी नांदगावला घरी गेलेली. उचलला तिच्या आईनं, छायाबाईंनी. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी पाणी ओतत होतं. "अगं बाई, आभाताई! तुमचंच नाव चाललंय सकाळपासून. सृष्टी गेली शाळेच्या मैदानावर गोळा घेऊन, मोबाईल घरीच. तिचा बाप कांदा घेऊन लासलगावला गेलाय, त्याला पण पाठवला फोटो, तिथं मार्केटात सगळ्यांना दाखवत फिरतोय म्हणे." आभा म्हणाली, आवडला का? "आवडला का काय विचारता? लय गोड दिसतीये माझी पोर. आणि ताई, ते गळ्याचं काढून टाकलं ना तुम्ही, ते तर देवासारखं केलं बघा. मी सहा महिने दुधाची साय लावतीये, हळद लावतीये, जायचं नाव नाय घेत ते. मागच्या टायमाला पाहुणे आले होते, त्या बाईनं विचारलं, पोरीच्या गळ्याला काय झालं. मी म्हटलं, गोळा ठेवती तिथं. सगळे हसले, चहा घेतला, पोहे खाल्ले. आणि परत फोनच नाय केला." मग आवाज एकदम खाली. "उद्या दुसरे येणारेत. पोरगा मास्तर हे, कबड्डी खेळायचा. मी काल रात्रीच फोटो स्टेटसला ठेवला, त्याच्या मावशीनं बघितला पण. तुमचे लय उपकार झाले ताई."  आभा म्हणाली, "उपकार कसले, काकू." आणि मग उगाच विचारलं, कोंबड्या किती आहेत तुमच्याकडे?

फोन ठेवला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. तिला वाटायला लागलं की हा डाग आता सृष्टीच्या मानेवरचा राहिलाच नाही, तो सगळ्यांच्या हातातून फिरतोय. देवव्रत म्हणतो पानटपरी, छायाबाई म्हणतात पाहुणे, बाबा म्हणायचे कुणी नको म्हणू नये, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात माया आहे, खोट म्हणून बोट ठेवायला कुठे जागा नाही. आणि मी? मी पुसताना तिला विचारलं नाही. आणि आता परत आणायला निघाले तेही माझी मीच, लढायला निघाल्यासारखी. हे काही वेगळं झालं का? तिचं तिला विचारायचं, ती म्हणेल ते. असं ठरवल्यावर तिला जरा बरं वाटलं. बिचारीला वाटलं, विचारलं की सुटलं.

तासाभरानं सृष्टीचाच फोन आला. धापा टाकत होती, सरावावरून आलेली. "ताई, फोन केला होता? आई म्हणाली, तुम्ही कोंबड्या विचारत होत्या. पाहिजेत का?" आभा हसली. मग म्हणाली, "सृष्टी, फोटो आवडला का तुला? खरं सांग."

"लय आवडला. मी झूम करकरून बघितला. मला वाटलं पण नव्हतं, मी अशी दिसते."

"मग ते विचारलंस ना, गोळ्याची जागा कुठं गेली? ते का विचारलंस?"

"अहो, गंमत केली."

"सृष्टी."

 मागे भांडी वाजत होती. मग सृष्टीचा आवाज जरा लांब आला, चालत दुसरीकडे गेली असावी. "ताई, तुम्हाला आठवत नसंल. त्या दिवशी फोटो काढताना ऊन आडवं आलं होतं, आणि तुम्ही म्हणाल्या, हलू नको, हलू नको, तुझ्या मानेवर काय सुंदर उजेड पडलाय, ती पावडर कशी चमकतीये. मी तशीच थांबले. गोळा जड झाला तरी थांबले. असं कुणी म्हटलंच नव्हतं ना कधी त्याला. सुंदर बिंदर. मी हॉस्टेलवर जाऊन आरशात पण बघितलं, वेड्यासारखं." मग परत ती हवा, नाकातून. "तर काल फोटो आला, मी आधी तेच शोधलं. मला वाटलं, ताईंना पण नंतर घाणच वाटलं का काय."

बघ.  आभा म्हणाली, मी नुसती ओढणी धरून बसले होते. तिला तो उजेड आठवला गं, लख्ख आठवला. ती कॅमेऱ्यामागे श्वास धरून उभी होती, कारण सृष्टी त्या क्षणी इतकी सुंदर होती, आणि त्या सुंदरपणाचा मधला बिंदूच ती जागा होती. आणि हे डोळ्यांनी बघितलं होतं, आणि हातानं पुसलं होतं, आणि डोळ्यांचं हाताला कळलंच नाही. ती कशीबशी म्हणाली, "घाण नाही वाटलं, सृष्टी. अजिबात नाही. माझा हात... माझी सवय आहे ती. ऐक, अजून वेळ आहे. मूळ फोटो माझ्याकडे आहे, ती जागा आहे तशी आहे. तू हो म्हण, मी आत्ता पाठवते. तोच छापतील."

 आणि तेवढ्यात छायाबाईंचा आवाज, अगदी फोनजवळ, "काय म्हणतात गं ताई?" आणि सृष्टी म्हणाली, "काही नाय." आणि आभाला म्हणाली, वेगळ्याच, शहाण्या मुलीच्या आवाजात, "नको ताई. राहू द्या तोच. उद्या ते लोक येणारेत, आईनं स्टेटसला ठेवलाय, आता वेगळा आला तर कसं दिसंल." आणि मग अगदी हळू, "तो मुलगा पण बरा हे ताई. मी बोललीये त्याच्याशी एकदा." आणि फोन ठेवला.

म्हणजे बघ, पोरीला तो मुलगा आवडलाय! आभाला वाटलं होतं पोरीवर जबरदस्ती आहे, तसंही नाही. आणि तसं अजिबात नाही असंही नाही. तिनं देवव्रतला मेसेज केला, 'आहे तोच ठेव.' देवव्रतनं अंगठा पाठवला. झालं. आभानं वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, थोडा भात खाल्ला. विचारलं ना आपण? विचारलं. तिनं सांगितलं ना? सांगितलं. मग सुटलं का नाही? तिला सारखी सुधाकाकूंची भुवई आठवत होती, आणि असं वाटत होतं की बाबांनी आईला विचारलं असतं, तर आईसुद्धा हेच म्हणाली असती, राहू द्या. सगळ्यांच्या समोर विचारलं असतं तर नक्कीच म्हणाली असती.

आणि तीन वाजून गेल्यावर फोन वाजला, टिंग. सृष्टी. मेसेजमध्ये शब्द काही नाही आधी, नुसता फोटो. मैदानावरचा, सेल्फी, वाकडातिकडा. तोंड अर्धंच आलंय, मागे शाळेची भिंत, आणि सगळ्या फोटोभर मान. ताजी पावडर लावलेली, घामानं ओघळलेली, आणि तो काळपट गोल असा उन्हात धरलेला. मुद्दाम उन्हात धरलेला, हे फोटो काढणाऱ्या माणसाला लगेच कळतं, तिनं उजेड शोधला होता. आणि खाली एक ओळ, 'ताई परत आले ग्राउंडवर. आज माझा सगळ्यात लांब पडला.' बस, एवढंच. कव्हरबद्दल काही नाही. बदला नाही, बदलू नका नाही. आभानं लिहिलं, 'सृष्टी, हा फोटो का पाठवलास?' एकच टिक. परत एकच टिक. फोन लावला, लागेना. त्या मैदानावर रेंज येते जाते.

आभा म्हणाली, मी तो फोटो किती वेळ बघत होते मला माहीत नाही. मला वाटलं, मागितल्याशिवाय ती मागतेय. आणि मग वाटलं, छे, तिला फक्त दाखवायचंय, ज्या एका माणसानं सुंदर म्हटलं त्याला. आणि उद्या ते लोक येणार, आणि तो बरा मुलगा अंक बघणार, आणि त्यानं कुठली मान बघायची? त्यानं लग्न कुणाशी करायचं, डाग नसलेल्या कव्हरशी? की हे ठरवणारी मी कोण? ती स्वतःच्या तोंडानं 'राहू द्या' म्हणालीये. पण तेव्हा आई शेजारी होती. पण आईसुद्धा तिचीच आहे ना. असं सगळं एकात एक, आणि हातात मोबाइल, आणि चार वाजत आलेले. तिनं देवव्रतला फोन लावला. म्हणाली, "थांब, थांब, पाठवू नकोस फाइल, मी दुसरी देतेय." मूळ फोटो स्क्रीनवर उघडाच होता, मेल तयार, फक्त बटण दाबायचं.

देवव्रत अजिबात चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "हरकत नाही. मी एकच विचारतो. तिनं सांगितलं का?"

आणि आभाच्या एका हाताखाली माउस, दुसऱ्या हातात स्पीकरवर लावलेला मोबाइल, त्यावर तो सेल्फी उघडा, तिकडून देवव्रत म्हणतोय, "हॅलो? आभा? तिनं सांगितलंय का तसं?"

इथपर्यंत सांगितलं तिनं मला, आणि मग चहाचा कप फिरवत बसली. पुढचं सांगेना. मीही विचारलं नाही, तिचा चेहराच तसा होता. अंक यायला अजून दोन दिवस आहेत. पण मला कालपासून झोप नाही गं. म्हणजे त्या 'हॅलो'ला उत्तर काय द्यायचं? हो म्हणायचं की नाही म्हणायचं? तू असतीस तिथे, तर तू काय केलं असतंस?